भस्म्या: भूक की रोग?

‘कितीही खाल्ले तरी पोट भरत नाही, याला भस्म्या झाला आहे’ असे आपण सहज बोलतो. मात्र भस्म्या म्हणजे केवळ कडकडीत भूक एवढाच अर्थ घेतला, तर शब्दातला नेमका आशय निसटतो.

आयुर्वेदात जठराग्नीचे, म्हणजे पोटातील पचनशक्तीचे, सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद असे चार प्रकार मानले आहेत. तीक्ष्ण अग्नी मर्यादेबाहेर गेला की त्याला अत्यग्नी म्हणतात. भस्मक हे त्याचेच दुसरे नाव, आणि मराठीतला भस्म्या हा त्या भस्मकाचा वंशज. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील वर्णनानुसार कफ क्षीण झाला आणि पित्त वाताच्या साथीने भडकले, की अग्नी आधी अन्न पचवतो व मग रक्तादी धातूंवर, म्हणजे शरीर घडवणाऱ्या घटकांवर, उठतो; रोग्याला खाल्ल्यावर तेवढ्यापुरती शांती मिळते आणि अन्न जिरताच त्याची तगमग पुन्हा सुरू होते. अन्न मिळते, पचतेही, पण अंगी लागत नाही, त्याची जणू राख होते.

‘भस्म’ या शब्दाचे मूळ तर याहून विलक्षण आहे. वैदिक भाषेत ‘भस्’ या क्रियापदाच्या धातूचा अर्थ चावणे, खाऊन टाकणे असा होतो. म्हणजे भस्म हे मुळात अग्नीने खाल्लेले, त्याच्या तोंडून उरलेले. खाण्यावरून राखेकडे गेलेला हा शब्द भस्मकाच्या रूपाने पुन्हा खाण्याकडे वळला, हा प्रवास मला फार अर्थपूर्ण वाटतो.

‘भूक’ हा शब्द मात्र ‘बुभुक्षा’वरून, प्राकृतातील ‘भुक्खा’मार्गे आला, ‘भुज्’ या धातूपासून झालेल्या बुभुक्षेचा अर्थ खाण्याची इच्छा. त्याहून जुना वैदिक शब्द ‘अशनाया’, ज्याचा अर्थ पाणिनीने बुभुक्षा असाच दिला आहे. बृहदारण्यक उपनिषद तर ‘अशनाया हि मृत्युः’ असे स्पष्ट म्हणते. या दोन्ही शब्दांत अन्नाची ओढ आहे, आणि अन्न मिळाले की ती शमते. भस्म्याचे तसे नाही, म्हणून दोन दिवसांच्या उपाशी माणसाला भस्म्या झाला म्हणणे मला चुकीचे वाटते. त्याच्यासाठी ‘क्षुधार्त’ किंवा ‘बुभुक्षित’ हेच शब्द योग्य होत. उलट ‘सत्तेचा भस्म्या’ किंवा ‘पैशाचा भस्म्या’ हा लाक्षणिक वापर मूळ अर्थाशी अधिक प्रामाणिक आहे, कारण तेथे मिळालेल्या प्रत्येक घासाबरोबर हाव वाढतच जाते.