बी विंग मीटर रूम – जळाल्याचा वास (सोसायटी ग्रुप)

देशपांडे बी-३०२: कोणी जागं आहे का? मीटर रूममधून जळाल्याचा वास येतोय. आमचा पंखा सुसाट फिरतोय आणि समोर ३०१ मध्ये ट्यूब पेटत नाहीये!

सावंत वहिनी बी-३०१: हो. फ्रिज नुसता घुं घुं करत होता, यांनी बंद केला.

रोहन बी-४०३: आमच्या टीव्हीतून फट् आवाज आला 😡

कुलकर्णी काका ए-१०४: बी विंगमधल्या सगळ्यांनी आपापल्या घरातला मेन स्विच आत्ताच्या आत्ता बंद करा. न्यूट्रल सुटलाय, म्हणजे तिन्ही फेजची (करंट आणणाऱ्या तारांची) परतीची सामाईक तार. एकाच वेळी एकाकडे जास्त आणि दुसऱ्याकडे कमी व्होल्टेज म्हणजे तेच. ज्या फेजवर लोड कमी, त्याला २३० च्या जागी ३०० च्याही वर जाऊ शकतं.

रोहन बी-४०३: पण काका, एमसीबी पडायला हवा ना?

कुलकर्णी काका ए-१०४: नाही पडणार. तो जास्त करंटला किंवा शॉर्टला पडतो. व्होल्टेज वाढलेलं त्याला कळत नाही, सैल जॉइंट तापलेलाही कळत नाही. वॉचमनला सांगा, मीटर रूममध्ये पाणी मारू नकोस.

सेक्रेटरी: फ्यूज कॉल लावलाय. कृपया पॅनिक होऊ नये 🙏

देशपांडे बी-३०२: पॅनिक कोण होतंय? मी हे दिवाळीपासून सांगतेय.

—

सेक्रेटरी: सुप्रभात. वीज कंपनीची माणसं रात्री येऊन गेली. त्यांची केबल ठीक आहे. जॉइंट आपल्या पॅनेलमधला जळालाय. आपला नेहमीचा मुलगा दहाला येऊन जोडून देईल.

देशपांडे बी-३०२: तोच मुलगा? मागच्या वेळी जॉइंटवर टेप त्यानेच गुंडाळली होती ना?

साठे (खजिनदार): नियमाप्रमाणे तीन कोटेशन हवीत.

कुलकर्णी काका ए-१०४: मी सकाळी बॅटरी घेऊन पाहून आलो, हात लावला नाही. केबल अ‍ॅल्युमिनियमची, पुढची वायर तांब्याची. दोन्ही नुसत्या पिळून वर टेप. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर धरतो, त्यातून करंट नीट जात नाही. त्यात आपल्याकडची दमट हवा, दोन वेगळे धातू थेट भिडले की गंज चढतो. लोड आला की तापतं, रात्री गार होतं, असं होत होत पकड सैल पडते. सैल पडली की आणखी तापतं. टेपचा इथे काही उपयोग नाही, ती फक्त झाकते.

मोहिते बी-१०१: मग गणपतीत मंडपाची लाइन त्याच पॅनेलवरून कोणी ओढली तेही लिहा.

पाटील (उत्सव समिती): मोहिते, वर्गणी द्यायच्या वेळी तुम्ही गावाला असता. नंतर बरे सापडतात दोष.

मोहिते बी-१०१: हा मेसेज डिलीट केला आहे

सावंत वहिनी बी-३०१: अहो, भांडणं नंतर करा. घरात सासूबाईंचा नेब्युलायझर आहे.

देशपांडे बी-३०२: वहिनी, आजींना ए विंगला घेऊन या, काकांकडे लावू.

कुलकर्णी काका ए-१०४: या या, दार उघडंच आहे.

रोहन बी-४०३: सध्या जोडून घेऊ, नंतर नीट करू. वर्क फ्रॉम होम आहे हो 🙏

देशपांडे बी-३०२: नाही. मागच्या वेळीही "सध्या"च होतं.

साठे (खजिनदार): तीन कोटेशन.

देशपांडे बी-३०२: साठे काका, तुमचा मान राखून सांगते. रंगकामाला घ्या तीन कोटेशन. जिन्याखाली आग लागली तर चौथ्या मजल्यावरचे उतरणार कुठून?

कुलकर्णी काका ए-१०४: काम फार मोठं नाही, पण लायसन्सवाल्याकडूनच. मेन बंद करून, टेस्टरवर विसंबून न राहता मीटरने तपासायचं. जळालेला भाग पूर्ण कापायचा, काळी पडलेली तार पुन्हा वापरायची नाही. केबलच्या मापाचा बायमेटॅलिक लग (एका बाजूला अ‍ॅल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं असलेलं केबलच्या टोकाचं टर्मिनल), तोही क्रिम्पिंग टूलने दाबलेला, पकडीने चेपलेला नाही. मग बोल्टने न्यूट्रल पट्टीवर. न्यूट्रलला मध्ये फ्यूज नको. चालू केल्यावर आधी पॅनेलवरच तिन्ही फेज न्यूट्रलशी मोजायचे, २३० च्या आसपास आले की मगच एकेका घराने मेन चालू करायचा.

देशपांडे बी-३०२: हे सगळं वर्क ऑर्डरमध्ये शब्दशः घाला.

साठे (खजिनदार): इमर्जन्सी म्हणून लिहून द्या, मी सही करतो. पण बिल जीएसटीचं हवं. आणि पुढच्या वेळी तीन कोटेशन.

पाटील (उत्सव समिती): मंडपाची लाइन यंदा वेगळ्या स्विचवरून घेऊ. मोहितेंनी सुपरव्हिजन करावं.

मोहिते बी-१०१: करतो. वर्गणीची पावती द्या.

रोहन बी-४०३: टीव्हीचे पैसे सोसायटी देणार का?

सेक्रेटरी: हा विषय मीटिंगला घेऊ. लायसन्सवाला कॉन्ट्रॅक्टर साडेअकराला येतोय. काका, तुम्ही थांबाल का?

कुलकर्णी काका ए-१०४: थांबतो. लग दाबताना मला बोलवा, टेप लावल्यावर नको.

सावंत वहिनी बी-३०१: पाण्याचा पंप पण बी विंगच्याच लाइनवर आहे का? टाकी खाली होत आलीये.