अर्धमॅरेथॉनच्या सरावात व्हिटॅमिन सी आणि ई च्या गोळ्या घ्याव्यात का?

पहाटेची_पावलं: जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये २१ किमी धावायचंय. सध्या आठवड्याला ४५ किमी होतात. जिममध्ये रोज सी १००० मिग्रॅ आणि ई ४०० ची कॅप्सूल घ्यायला सांगितलंय. रविवारच्या लांब पल्ल्यानंतर मांड्या दोन दिवस भरून येतात. गोळ्या घ्याव्यात की जेवणातून भागेल? शाकाहारी आहे.

क्रीडाआहार_नाशिक: डॉक्टरांनी दिल्या नसतील तर सरावाच्या काळात दोन्ही बंद ठेवा. धावताना स्नायूंत फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करू शकणारे अस्थिर रेणू, तयार होतात. सी आणि ई त्यांना निष्प्रभ करतात. पण ते म्हणजे नुसता कचरा नव्हे. त्यांच्या इशाऱ्यावरच पेशी नवी मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) बांधते. मोठ्या डोसमुळे तो इशाराच दबतो. २००९ साली जर्मनीत नेमका हाच डोस चार आठवडे देऊन पाहिला होता. व्यायामाने शरीराचा इन्सुलिनला (रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं संप्रेरक) मिळणारा प्रतिसाद सुधारला तो गोळ्या न घेणाऱ्यांचाच. नॉर्वेतल्या ११ आठवड्यांच्या अभ्यासातही (२०१४) गोळ्या घेणाऱ्यांच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रियाची प्रथिनं तितकी वाढली नाहीत. दमसास मात्र दोन्ही गटांचा सारखाच वाढला, हेही सांगायला हवं. म्हणजे गोळ्यांनी घात होतो असं नाही, पण हाती काही लागतही नाही.

सी ची रोजची गरज ६५ ते ८० मिग्रॅ. १०० ग्रॅमच्या एका पेरूत २०० च्या वर मिळतं. तुमचा सराव ऐन आवळ्या-पेरूच्या हंगामात आहे, त्याचा फायदा घ्या. मोरावळ्यावर विसंबू नका. शिजवण्यात बरंचसं सी जातं आणि साखर भरमसाट असते. ई साठी मूठभर सूर्यफुलाच्या बिया घ्या, शेंगदाण्यांतूनही थोडं मिळतं.

मांड्या भरतात त्या स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते म्हणून, उतारावर जास्तच. त्यावर झोप, प्रथिनं आणि लांब पल्ला हळूहळू वाढवणं हाच उपाय.

नाचणी_भाकर: शाकाहारी धावपटूंनी सी कडे लोहासाठी बघावं. पालेभाजी, डाळ, अळीव यांतलं लोह सी सोबत असेल तरच नीट शोषलं जातं. म्हणून लिंबू त्याच जेवणात हवं, आणि गॅस बंद केल्यावर पिळायचं. जेवणाबरोबरचा चहा हे सगळं वाया घालवतो. निदान तासाभराचं अंतर ठेवा. गाजराला फोडणीचं तेल लागतंच, कारण त्यातलं कॅरोटिन (ज्यापासून व्हिटॅमिन ए बनतं ते नारिंगी रंगद्रव्य) तेलात विरघळतं. टोमॅटोतलं लायकोपिन हे लाल रंगद्रव्यही तेलात शिजवल्यावर जास्त मिळतं.

पहाटेची_पावलं: धन्यवाद, गोळ्या बंद करतो. बिटाचा रस स्पर्धेच्या दिवशी चालेल?

क्रीडाआहार_नाशिक: चालेल, पण तिथे काम नायट्रेटचं असतं, रंगाचं नव्हे. तोंडातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, त्यातून पुढे रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड बनतं, म्हणून त्या दिवशी जंतुनाशक माउथवॉश वापरू नका. सगळी मेहनत तिथेच फुकट जाते. परिणाम दोन-अडीच तासांनी टिपेला जातो. पहाटे पाचला सुटणार असाल तर अडीचला प्यावा लागेल. बीट उकडून पाणी ओतून दिलंत तर नायट्रेटही त्यातच गेलं, तेव्हा कच्च्याचाच रस काढा. एका बिटात किती नायट्रेट असेल ते माती आणि खतावर ठरतं, त्यामुळे ग्लासाचं माप नेमकं नसतं; साधारण अर्धा लिटर धरा. आधी दोन-तीन रविवारी पिऊन बघा, कुणाकुणाचं पोट बिघडतं. लघवी लाल झाली तर घाबरू नका. मुतखड्याचा त्रास असेल तर मात्र बीट नको, त्यात खडे बनवणारं ऑक्झॅलेट भरपूर असतं. सी च्या मोठ्या गोळ्यांनाही त्याच कारणासाठी नकार, जादा सी चं शरीरात ऑक्झॅलेटच होतं.