टू-इन-वन दागिन्यांबद्दल थोडी भर
ताई, एकच दागिना दोन प्रकारे घालायचा हे सगळं हल्लीचं फॅड आहे असं म्हणालात ना, ते मला नाही पटत. ब्रिटनच्या राणी मेरीचा १९१९ चा फ्रिंज टियारा (मुकुटासारखा डोक्यावरचा दागिना) बघा, फ्रेमवरून उतरवला की हार म्हणून गळ्यात घालता येतो, आणि तोच टियारा तिच्या नातीने, म्हणजे पुढे राणी झालेल्या एलिझाबेथने १९४७ मध्ये लग्नात घातला होता (त्या दिवशी सकाळीच तो मोडला आणि घाईघाईत दुरुस्त करावा लागला!). माझा सगळ्यात लाडका मात्र व्हॅन क्लीफ अँड आर्पल्स या फ्रेंच दागिने कंपनीचा झिप नेकलेस, १९५० चा. पँटच्या चेनसारखे सोन्याचे दात खरोखर एकमेकांत अडकतात, उघडी ठेवली की गळ्यात हार, मिटवली की मनगटावर ब्रेसलेट, काय डोकं लावलंय!

आणि आपल्याकडे तन्मणीचं खोड (मोत्यांच्या सरांतलं मधलं पेंडंट) आहेच की. मागे हुक करून घेतले तर तेच खोड कधी मोत्यांच्या सरांत, कधी साध्या सोन्याच्या चेनमध्ये घालता येतं, एवढं सुंदर खोड वर्षातून एकदाच बाहेर काढायचं म्हणजे जिवावर येतं. ठुशी पण मागचा दोरा सैल केला की जरा खाली उतरते.

फक्त करून घेताना सराफाला जोड नीट दाखवायला सांगा. जड पेंडंटला नुसता उघडा हुक नको, फिरकी किंवा खटका पाहिजे, आणि दुकानातच चार-पाचदा स्वतःच्या हाताने लावून-काढून बघा, कारण सारखं काढघाल करून सगळ्यात आधी झिजतो तो जोडच.