मदत हवी आहे: एन्झाइमवर चालणारं संयुग रॅटमध्ये निष्प्रभ, मालिका सोडावी का?

नमस्कार मंडळी,

औषधी रसायनशास्त्रातल्या प्रकल्पासाठी कोलेस्टेरॉल कमी करणारी नवी संयुगं बनवतो आहे. पुढे काय करावं, यावर जाणकारांचा सल्ला हवा आहे.

स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांमधली डायहायड्रॉक्सी आम्लाची साखळी तशीच ठेवली आहे, कारण एचएमजी-कोए रिडक्टेजला (शरीरात कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या मुख्य एन्झाइमला) तीच घट्ट बसते. तिला जोडलेली वलयं मात्र बदलली. नुसत्या एन्झाइमवर दोन संयुगं अ‍ॅटोर्वास्टॅटिनच्या जवळपास पोचली. पण रॅटना तोंडावाटे दिल्यावर रक्तातलं एकूण कोलेस्टेरॉल जागचं हललं नाही. मार्गदर्शक म्हणतात, संयुगांची ही मालिका बंद करा. मला ही घाई वाटते.

जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांच्या गटाने हजारो बुरश्या तपासल्या आणि 1973 मध्ये पेनिसिलियम सिट्रिनममधून कॉम्पॅक्टिन हे पहिलं स्टॅटिन मिळवलं. तेही रॅटमध्ये निष्प्रभच ठरलं होतं! अंडी देणाऱ्या कोंबड्यांत, मग कुत्र्यांत आणि माकडांत कोलेस्टेरॉल उतरलं, तेव्हा कुठे ते तगलं. रॅटचं यकृत, एन्झाइम अडवलं की तेच एन्झाइम भरमसाट बनवून भरपाई करतं. शिवाय त्याच्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये (‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलच्या कणांत) असतं. जे एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) उतरवायचं, तेच तिथे थोडं.

म्हणून हॅमस्टर किंवा गिनीपिग घ्यावेत असा विचार आहे. दोघांतही सीईटीपी (एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल एलडीएलसारख्या कणांकडे नेणारं प्रथिन) असतं, रॅटमध्ये नसतं. यांतलं कुणी वापरलं आहे का? आहार कोणता ठेवलात? माझ्याकडे संयुग मोजकंच उरलंय. ट्रायटन (रक्तातली चरबी वाढवणारं रसायन) दिलेले रॅट वापरा असंही सुचवलं गेलं, पण ट्रायटन रक्तातून लिपोप्रोटीन (एलडीएल, एचडीएलसारखे चरबीवाहक कण) हटण्याची वाटच अडवतं. स्टॅटिनचं मुख्य काम यकृतावरचे, एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढवण्याचं. ते त्यात कसं दिसणार?

दुसरी शंका: संयुग यकृताच्या पेशींत शिरतं तरी का? दोन्ही रेणू बरेच ध्रुवीय आहेत, त्यामुळे प्राव्हास्टॅटिनसारखी त्यांनाही ओएटीपी या, रेणू पेशीत नेणाऱ्या वाहक प्रथिनांची गरज लागेल असं वाटतं. हेपजी2 (प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृत-कर्करोगाच्या) पेशींत हे वाहक फार कमी असतात, म्हणून तिथला नकारात्मक निकाल मी ग्राह्य धरत नाही. ताज्या यकृतपेशींत चाचणी करून मगच प्राणी घ्यावेत का? उगाच आणखी प्राण्यांचा जीव घालवायचा नाही.

लोव्हास्टॅटिनप्रमाणे लॅक्टोन (आम्लाच्या वलयबंद) रूपात देऊन शोषण सुधारल्याचा कुणाला स्वतःचा अनुभव असेल, तर मात्रा आणि द्रावक दोन्ही कळवा. रचना इथे टाकता येणार नाहीत, पण एन्झाइमचे आकडे आणि विद्राव्यता विचारलीत तर लगेच देतो.