लोटे एमआयडीसीत बंद पडलेलं केमिकल युनिट घ्यावं का? माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझा मेहुणा चिपळूणजवळच्या लोटे परशुराम एमआयडीसीत २२ वर्षं प्रॉडक्शनला आहे. तिथलंच एक छोटं युनिट चार वर्षं बंद आहे, मालक विकायला निघालेत. दोन एसएस (स्टेनलेस स्टीलचे) रिअ‍ॅक्टर, एक ग्लास लाइन्ड (आतून काचेचा थर असलेला), बॉयलर, शेड. तिथे डाय आणि फार्माची इंटरमीजिएट्स (रंग-औषधं बनवायला लागणारी मधली रसायनं) जॉब वर्कवर, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांसाठी मजुरीवर, करायची, असं मेहुण्याच्या डोक्यात आहे. पैसे माझे, म्हणजे डोंबिवलीचा फ्लॅट विकून आलेले. त्याच फ्लॅटच्या काचा मे २०१६ च्या तिथल्या केमिकल कारखान्यातल्या स्फोटात फुटल्या होत्या, त्यामुळे बायकोला हा विषय काढायची हिंमत अजून झालेली नाही.

'चीनला पर्याय' हे मीही ऐकून आहे. २०१७ च्या सुमारास चीनने प्रदूषणावरून कारखाने बंद केले तेव्हा आपल्याकडच्यांची चांदी झाली. पण २०२३ मध्ये तिकडूनच स्वस्त माल आला आणि इथल्या भल्याभल्यांचं मार्जिन गेलं. जॉब वर्कवाल्याला याची झळ कितपत बसते?

मुख्य घोडं कागदांपाशी अडलंय. एमपीसीबीचं (राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) कन्सेंट, म्हणजे कारखाना चालवायची परवानगी, संपलंय आणि त्यात लिहिलेलं एकही उत्पादन आम्ही करणार नाही. नुसतं कन्सेंट नव्याने घेऊन भागेल, की पर्यावरण मंजुरीही लागेल? सीईटीपीतला (सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला) सांडपाण्याचा जुना कोटा आम्हाला मिळतो का?

'गुजरातेत दहेजला जा' हा सल्ला कृपया नको. बंदर आहे, मोठे कारखाने शेजारी आहेत, सगळं मान्य. पण मेहुणा चिपळूण सोडणार नाही, आणि त्याच्याशिवाय मला यातलं ओ की ठो कळत नाही.

प्रतिसाद:
दादा, रिअ‍ॅक्टर जुन्या बाजारातही मिळतात. खरी किंमत कन्सेंटची आणि सांडपाण्याच्या कोट्याची. तेच नसेल तर शेडच्या भावात बोला. इंटरमीजिएट्स २००६ च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेत ५(एफ) या वर्गाखाली येतात, म्हणजे मंजुरीचं प्रकरण आहेच. मालकाकडे जुनी मंजुरी आहे का ते आधी बघा. टोकन देण्यापूर्वी सीईटीपीच्या ऑफिसात जाऊन कोटा आणि थकबाकी विचारा. एमआयडीसीची ट्रान्सफर फी कोण भरणार हेही लिहून घ्या. सॉल्व्हंटचा (पेट घेणाऱ्या द्रावकांचा) साठा करणार असाल तर पेसोचं, म्हणजे केंद्राच्या स्फोटक-सुरक्षा खात्याचं, लायसन्स वेगळं. आणि आवारात जुना घातक कचरा पडलाय का? तो तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात पाठवायचा खर्च तुमच्या गळ्यात येईल.

धागाकर्ता:
खूप आभार. शेडमागे निळे ड्रम आहेत, साठेक. मालक म्हणाले रिकामे आहेत. मेहुण्याने एकाला पायाने ढकलून पाहिलं, हलला नाही.