कर्नेल ‘टाकावे’, ‘ठेवावे’ की ‘बसवावे’?

प्रश्न (परभणी, संगणक शिक्षिका):
एकाच संगणकावर विंडोज आणि दोन लिनक्स या कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) कशा नांदवाव्यात, यावर विद्यार्थ्यांसाठी मराठी टिपण लिहीत आहे. ‘कर्नल बूटमध्ये ठेवावा’ हे वाक्य वर्गात वाचताच हशा पिकला, कारण मुलांपुढे लष्करातला कर्नल आणि पायातला बूट उभे राहिले. आता बूटलोडरला, म्हणजे यंत्र सुरू होताना कार्यप्रणाली उचलणाऱ्या प्रोग्रामला, ‘आरंभक’ आणि कर्नलला, म्हणजे कार्यप्रणालीच्या मध्यवर्ती भागाला, ‘गाभा’ म्हणावे असा विचार आहे. चालेल का?

उत्तर (नांदेड, निवृत्त मराठी शिक्षक):
ताई, मुले अगदीच चुकली नाहीत. संगणकातला ‘बूट’ पायातल्या बुटाच्या पट्टीवरूनच आला आहे. स्वतःच्या बुटाची पट्टी ओढून स्वतःलाच वर उचलावे, तसे यंत्र स्वतःला जागे करते, अशी ती कल्पना आहे. कर्नेल म्हणजे कवचाच्या आतला दाणा. आपल्याकडच्या बिब्ब्यातली गोडंबी म्हणजे नेमके तेच, आणि युनिक्स या लिनक्सच्या पूर्वज प्रणालीत त्याच्याभोवतीच्या आवरणाला ‘शेल’ म्हणतात, म्हणून ही जोडी फार शोभते. तरीही टिपणात गोडंबी घालू नका. ‘गाभा’ समजावून सांगताना ठीक आहे, परंतु डिस्कवर विद्यार्थ्याला ‘व्हीएमलिनझ’ नावाची कर्नेलची फाइल दिसणार आहे, ‘गाभा’ नव्हे. माझे मत असे की मात्रा देऊन ‘कर्नेल’ लिहावे, म्हणजे लष्करी कर्नल आपोआप बाजूला होतो, आणि वाक्यात ‘कर्नेलची फाइल’ म्हणावे, म्हणजे लिंगाचा वादही उरत नाही.

उत्तर (लातूर, संगणक दुरुस्तीचे दुकान):
मॅडम, माझ्या अनुभवात घोटाळा नामांनी होत नाही, क्रियापदाने होतो. गिऱ्हाईक म्हणते, ‘लिनक्स टाकून द्या.’ त्या एका ‘टाकणे’त वेगवेगळी कामे दडलेली असतात. गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थ्याने जुन्या बायॉसच्या (यंत्र सुरू करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या अंगभूत प्रोग्रामच्या) संगणकात दुसरे लिनक्स टाकले आणि पहिले दिसेनासे झाले. सारे पुसले गेले असे समजून तो रडकुंडीला आला होता. प्रत्यक्षात पहिल्या लिनक्सची कर्नेलची फाइल जागच्या जागी होती. डिस्कच्या पहिल्या, 512 बाइटांच्या सेक्टरमध्ये (कप्प्यात) मात्र दुसऱ्याच्या ग्रब या बूटलोडरचा सुरुवातीचा भाग बसला होता आणि त्या ग्रबच्या यादीत पहिल्याचे नाव नव्हते. 2021 मधल्या ग्रब 2.06 पासून इतर प्रणाली हुडकणारे ओएस-प्रोबर मुळात बंद असते. ते चालू करून यादी पुन्हा तयार केली, एवढीच दुरुस्ती होती.

म्हणून मी असे बोलतो: फाइल ‘ठेवतात’, लोडर ‘बसवतात’, आणि बायॉसची जागा घेणाऱ्या यूईएफआयच्या नव्या संगणकांत फर्मवेअरकडे, म्हणजे यंत्रातल्या त्या अंगभूत प्रोग्रामकडे, लोडरची ‘नोंद करतात’. लिलो या जुन्या बूटलोडरच्या काळात तर हा भेद न कळणाऱ्याचे यंत्र चालूच होत नसे. लिलो फाइलचे नाव नव्हे, तर डिस्कवरची नेमकी जागा लक्षात ठेवी. ‘चिंचेपासून चौथे घर’ एवढाच पत्ता ठाऊक असलेल्या माणसासारखा. कर्नेल बदलले की लिलोची आज्ञा पुन्हा द्यावी लागे. ग्रब फाइल सिस्टिम (डिस्कवरच्या फाइलींची मांडणी) वाचतो, नाव विचारत घरापर्यंत जातो.

प्रश्नकर्ती:
मग ग्रबऐवजी सिस्टिमडी-बूट हा बूटलोडर घेतल्यास ‘ठेवणे’ हा शब्द तसाच राहतो का?

लातूर:
शब्द तोच, जागा मात्र बदलते. ग्रब लिनक्सच्या ईएक्सटी4 (लिनक्सची फाइल सिस्टिम) पार्टिशनमधल्या, म्हणजे डिस्कच्या त्या भागातल्या, बूट फोल्डरातून कर्नेल उचलू शकतो. सिस्टिमडी-बूटला ते ईएफआय पार्टिशनमध्ये (यूईएफआय जिथून लोडर उचलते त्या भागात) किंवा खास बूटसाठी केलेल्या वेगळ्या पार्टिशनमध्येच लागते. विंडोजने केलेले ईएफआय पार्टिशन अनेकदा 100 एमबीचे असते. त्यात दोन लिनक्सची कर्नेले आणि त्यांच्या इनिटआरडी (कर्नेलला सुरुवातीला लागणाऱ्या) फाइली सहसा मावत नाहीत. विंडोज आधीपासून असेल तर मी ग्रबच सुचवतो.

प्रश्नकर्ती:
नवे वाक्य असे केले आहे: ‘कर्नेलची फाइल बूट फोल्डरात ठेवावी, ग्रब ईएफआय पार्टिशनमध्ये बसवावे आणि फर्मवेअरकडे त्याची नोंद करावी.’

नांदेड:
‘बसवावे’ नको, ‘बसवावा’ लिहा. लोडर पुल्लिंगी आहे, तेव्हा ग्रबही ‘तो’च.