मदत हवी आहे : पिंजऱ्याला न फसणारी मांजरी

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी एक भटकी मांजरी होती, आज अकरा मांजरे आहेत. गर्भकाळ जेमतेम 63 ते 65 दिवसांचा आणि पिल्ले पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे यात नवल नाही. काही सभासद त्यांना पोत्यात घालून दूर सोडू पाहतात, जे क्रूर तर आहेच, शिवाय रिकाम्या जागी नवी मांजरे येतातच. म्हणून आम्ही नसबंदी करून, रेबीजची लस देऊन त्यांना पुन्हा इथेच सोडत आहोत. मात्र एक करडी मांजरी सुकटीच्या वासाने पिंजऱ्याच्या दाराशी येते, एक पंजा आत टाकते आणि मागे फिरते. तिची आचळे ओघळलेली आहेत, म्हणजे पिल्ले जवळच लपलेली असावीत. तिला कसे पकडावे आणि पिल्ले किती आठवड्यांची झाल्यावर तिची शस्त्रक्रिया करावी, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.